कार्बोनेटवर (चुनखडक, डोलोमाइट असल्या खडकांवर) काम सुरू करतोयस तर आधी खडकातली भोकं बघ

गोव्यात बसून चुनखडकावर रिसर्च कसा होणार याचं टेन्शन घेऊ नकोस, आपल्याकडे जिकडे बघशील तिकडे जांभा असला तरी 1974 ला सापडलेल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं तेल मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकातच आहे, म्हणजे विषय काही लांबचा नाही.

मॉडेलिंग सॉफ्टवेअर नंतर, आधी थिन सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचा खडकाचा पातळ काप. भोकांत निळं इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) भरून घे, अलिझरीन रेड एस हा रंग लाव, चुनखडकातलं कॅल्साइट खनिज लालसर होतं आणि डोलोमाइटला रंग चढत नाही, मग ती निळी भोकं एकमेकांना जोडलीत का ते निवांत बघत बस. शिंपले विरघळून झालेली भोकं मोठी असतात, पोरोसिटी (खडकातल्या मोकळ्या जागेचं प्रमाण) झकास येते, पण वाटा बंद असतील तर पर्मिएबिलिटी (द्रव आरपार वाहू देण्याची क्षमता) जवळजवळ शून्य, आणि नवीन मुलं इथेच फसतात बघ.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड) जमिनीखाली साठवायचं म्हणशील तर साधारण 800 मीटरच्या खाली तो सुपरक्रिटिकल होतो, म्हणजे वायू आणि द्रव यांच्या मधल्या दाट अवस्थेत जातो, कमी जागेत जास्त मावतो. पण पाण्यात मिसळला की आम्ल होतं आणि ते कॅल्साइट विरघळवतं, त्यामुळे इंजेक्शनच्या विहिरीजवळ खडकच बदलत जातो. म्हणून वरचा कॅप रॉक (सीओटू वर निसटू न देणारा झाकणासारखा खडक) आणि त्यातल्या भेगा नीट तपास, मला तर तोच अर्धा विषय वाटतो.