अंटार्क्टिकाच्या संशोधन केंद्रावर शेफचा दिवस कसा असतो? सगळं फ्रोझनच असतं, मग नुसतं तापवायचं काम असतं का? (मी ठाण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकतोय.)

फ्रोझन असतंच. चिकन, मटण, मासे, मटार, फरसबी, सगळं उणे १८ च्या खाली. त्याचा काही त्रास नसतो, आदल्या रात्री काढून ठेवलं की झालं. मैत्री या भारताच्या अंटार्क्टिका केंद्रावर हिवाळाभर स्वयंपाक केलेला माणूस म्हणून सांगतो, डोकं खातो तो गोठू द्यायचा नसलेला माल. त्यात पहिला मान कांद्याचा.

माझ्या मेहुण्यांचा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गाळा आहे. त्यांचं ठाम म्हणणं, "बर्फातच तर नेताय, वर्षभर हलणार नाही." ऐकून कान किटले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कांदा उणे १ अंशाच्या आसपास गोठतो. गोठला की आतल्या पेशी फुटतात आणि वितळल्यावर पाकळ्या काचेसारख्या पारदर्शक होऊन पाणी सुटतं. हे घडतं ते बहुतेकदा वाटेत. केप टाउनहून निघालेलं जहाज हिमपट्टीच्या कडेला लागतं आणि मैत्री तिथून सुमारे १०० किलोमीटर आत. माल पट्ट्यांच्या गाड्यांमागे स्लेजवर ओढत न्यायचा. तिकडचा उन्हाळा असला तरी हवा शून्याच्या खाली, त्यात वारा. कांदा, बटाटा, अंडी गरम ठेवलेल्या केबिनमधून किंवा हेलिकॉप्टरने गेली पाहिजेत. तांदळाच्या गोण्यांबरोबर उघड्या स्लेजवर टाकली की खेळ खलास. गोण कडक लागली तर आपटू नका, हलवूही नका. २-३ अंशांच्या खोलीत तशीच दोन दिवस ठेवायची. हळू वितळलेला बराचसा कांदा वाचतो. नरम पडलेला त्याच दिवशी चिरून, तळून, वाटण करून फ्रीझरमध्ये.

पोचल्यावरही सुटका नाही. कांद्याला १-२ अंश आणि कोरडी हवा लागते. स्वयंपाकघराशेजारच्या उबदार कोठीत १०-१५ अंश असतात आणि त्या तापमानाला कोंब सर्वांत लवकर फुटतात. आपल्याकडे कांदाचाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) ३० अंशांना कांदा टिकतो आणि शून्याजवळही टिकतो, मधल्या तापमानात मात्र बिघडतो. मेहुण्यांना हे पटत नाही, कारण त्यांनी मधलं तापमान पाहिलेलंच नाही. तुर्भ्याला थंडी कुठे पडते!

दुसरी गोष्ट हंगामाची. जहाज भरायची वेळ डिसेंबर-जानेवारीची. तेव्हा आपल्याकडचा टिकाऊ उन्हाळी कांदा चाळीत सात-आठ महिने काढून थकलेला असतो, आणि नवा लाल कांदा मुळातच टिकणारा नसतो. म्हणजे नाशिकचा उत्तम माल नेमका तेव्हा हाताशी नाही. ताजा कांदा शेवटच्या बंदरातूनच चढवावा, हे माझं मत.

आता हिशोब. २५ माणसं, माणशी ८० ग्रॅम, म्हणजे रोज २ किलो. वर्षाला ७३० किलो, ५० किलोच्या १५ गोण्या. पंधराच्या पंधरा ताज्या नेल्या तर निम्म्या सडताना बघायच्या आणि तो कचराही जहाजाने परत पाठवायचा. मी पाचच नेईन. चार महिने निघतात. उरलेल्यासाठी वाळवलेला कांदा, १ किलोमागे ताजा साधारण ८ किलो या मापाने ६० किलो. तो कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवायचा, पिळायचा, मग मंद आचेवर परतायचा. साखर एकवटलेली असल्यामुळे मोठ्या आचेवर करपून कडू होतो. भिजवलेलं पाणी रश्श्यात घालायचं, अर्धी चव त्यातच उतरलेली असते. शिवाय पहिल्या महिन्यातच कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या गोठवून ठेवायच्या. चपट्या अशासाठी की लवकर सुटतात. २५ जणांच्या रश्श्याला दोन पुरतात. वाळवलेल्या कांद्याची मिसळ जुलैत खाणाऱ्याला फरक कळत नाही. कांदाभजी मात्र जमत नाही, ती विसरा.

बटाट्याचं उलटं. त्याला ७-८ अंश आणि दमट हवा. ४ अंशांच्या खाली स्टार्चची साखर होते आणि काचऱ्या तळल्यावर काळ्या पडतात. कोठी एकच असेल तर बटाटा गोड होणार हे धरून चालायचं. वापरायच्या आधी दोन-तीन आठवडे १५-१८ अंशांना आणून ठेवला की साखर बरीच उतरते. अंडी निमुळतं टोक खाली, फ्रिजच्या तापमानाला. चार महिन्यांनी पांढरं पातळ होतं, हाफफ्राय विसरायचं, केक होतो. पुढे अंड्याची पावडर, एका भागाला तीन भाग पाणी.

कणकेची गोण थंड कोठीतून आणून लगेच फोडायची नाही. स्वयंपाकघरातली वाफ थंड पिठावर बसते आणि गुठळ्या होतात. बंद गोण किमान एक दिवस आत राहू द्यायची. इडलीचं पीठ १८-२० अंशांत दुसऱ्या दिवशीही ढिम्म असतं, म्हणून ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवायचं. पनीर यूएचटी (खूप तापवून टिकवलेल्या, खोक्यातल्या) दुधाचं नीट धरत नाही. ताजं हिरवं म्हणाल तर मटकी आणि मूग. हवा इतकी कोरडी की मोड येण्याआधी फडका वाळतो, म्हणून पुरचुंडी झाकणाच्या डब्यात.

दिवसाबद्दल विचारलंत, तर नाश्ता, जेवण, चहा, रात्रीचं जेवण, कोठीची नोंद. मदतीला आळीपाळीने सगळे असतात, शास्त्रज्ञांपासून डॉक्टरांपर्यंत. मे अखेर ते जुलै अखेर सूर्य उगवत नाही, त्यामुळे जेवणाची वेळ दहा मिनिटंही हलवायची नाही. लोकांना दिवस त्यावरूनच कळतो. एका जेवणाला तांदूळ अडीच किलो, डाळ सव्वा किलो, कणीक अडीच किलो (माणशी चार पोळ्या). २१ जूनला सगळ्याच केंद्रांवर मिडविंटरची मेजवानी, त्या दिवसाचं श्रीखंड-पुरीचं सामान फेब्रुवारीतच वेगळं काढून कुलपात.

"तिथे डाळ शिजत नाही" हे लेहवरून आलेल्यांचं ज्ञान. मैत्रीची उंची सव्वाशे मीटरच्या आसपास, डाळ घोडबंदर रोडला शिजते तशीच शिजते. दक्षिण ध्रुवावरचं अमेरिकी केंद्र २,८०० मीटरवर आहे, अडचण त्यांची.

भीती आगीची. ब्राझीलचं केंद्र २०१२ मध्ये जळलं, दोघं गेले. हवा कोरडी, त्यात बाहेर वादळ. मोहरी-मिरचीच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजतो म्हणून कोणी तो बंद करायला सुचवेल. करायचा नाही. एक्झॉस्ट लावून, झाकण ठेवून फोडणी द्यायची. तळण चालू असताना कढई सोडून फोन घ्यायचा नाही, आणि पेटलेल्या तेलावर पाणी नाही, हे वेगळं सांगायला नको.

उरलेलं चिकन बाहेर स्कुआ पक्ष्यांना घालायचं नाही. कोंबडीच्या मांसातून तिथल्या पक्ष्यांत रोग जाऊ शकतो, म्हणून अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाच्या माद्रिद करारानुसार ते जाळायचं किंवा परत न्यायचं. तेलकट ताटं आधी कागदाने पुसायची, मग पाणी.

हे सगळं मैत्रीचं. भारती हे आपलं दुसरं केंद्र किनाऱ्यालगत आहे, तिथे १०० किलोमीटरची ओढाताण नाही, म्हणजे कांद्याचं गणित थोडं सैल करता येईल. आणि निवडीच्या बाबतीत मेहुण्यांचं बरोबर आहे, तेही लिहितो. जाड मानेचा, जोड आणि डेंगळा (फुलाचा दांडा आलेला) कांदा कोणत्याच तापमानाला टिकत नाही, आणि काजळी (काळी बुरशी) लागलेला एक शेजारचे दहा नेतो.

जायचंच असेल तर गोव्याच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर कंत्राटी स्वयंपाक्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. कडक वैद्यकीय तपासणी आणि औलीला बर्फातलं प्रशिक्षण, याची तयारी ठेवा. प्लेटिंगचे फोटो राहू द्या. पहाटे तुर्भ्याला जाऊन निवडणाऱ्या बायकांजवळ आठवडाभर बसा, अंगठ्याने मान दाबून बघायला शिका, कॉलेजात हे कोणी शिकवत नाही. आणि आर्क्टिकमधल्या आपल्या हिमाद्री केंद्राच्या मागे लागू नका, तिथे न्यू-ऑलेसुंद गावाची सामाईक मेस आहे, आपल्या शेफची जागाच नाही.