घड्याळ मागे का राहते?

प्रश्न : क्रोनी ही वेळ जुळवणारी सेवा चालू असूनही आमच्या लिनक्स सर्व्हरचे घड्याळ काही मिनिटे मागे आहे. दोष कुठे शोधावा?

उत्तर : सेवा चालू आहे म्हणजे वेळ जुळते आहे, असे नव्हे. प्रथम ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही आज्ञा द्यावी. ज्या ओळीच्या आरंभीच्या चिन्हांत तारांकन दिसते, तो स्रोत, म्हणजे वेळ पुरवणारा सर्व्हर, सध्या निवडलेला असतो. ‘रीच’ हा उत्तरांची नोंद ठेवणारा रकाना अष्टमान (आठच्या पायावरील) पद्धतीत असल्यामुळे तेथील ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले, आणि शून्य टिकून राहिले तर या विचारणा ज्यातून जातात ते यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट फायरवॉल अडवत आहे का, ते आधी तपासावे. स्रोत ठीक असल्यास ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ उरलेला फरक दाखवते. क्रोनी एरवी घड्याळाची गती किंचित बदलून हा फरक हळूहळू भरून काढते. रूट अधिकाराने ‘क्रोनीसी मेकस्टेप’ दिल्यास तो एका झटक्यात मिटतो, मात्र डेटाबेस चालू असताना ही घाई आम्ही सुचवणार नाही.