पुनर्नवा की खापरा?

प्रश्न : मखमलाबादला आमच्या द्राक्षबागेच्या बांधावर पावसाळ्यात जमिनीसरशी पसरणारी एक वनस्पती उगवते. दर पेऱ्याला दोन पानं, एक मोठं, एक लहान. शेजारच्या काकू म्हणतात, ही पुनर्नवा. आईच्या पायांना सूज येते, तर हिचा काढा दे. फोटो पाठवला आहे. हीच का ती?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फोटो छान आहे, पण नुसत्या पानांचा, आणि तिथंच घोडं पेंड खातं. काकूंनी सांगितलेली लहान-मोठ्या पानांची खूण खरी. पण पुनर्नवेच्या, म्हणजे आपल्या घेटुळीच्या, बरोबरीनं उगवणाऱ्या खापऱ्यालाही अगदी तशीच जोडी असते. खोडं दोन्हींची तांबूस. पांढरी पुनर्नवा म्हणून हाच खापरा गळ्यात मारला जातो.

आता बांधावर जा आणि पान खोडाला जुळतं ती जागा नखानं उलगडून बघा. खापऱ्याचा देठ बुडाशी रुंदावून पापुद्र्याची पिशवी होते आणि तिच्यात एकटंच पांढरट-गुलाबी फूल दडून बसतं. पानही मांसल, चिरडलं की पाणी सुटतं. घेटुळीचे फुलोरे पानांच्या बाहेर, लांब बारीक फांद्यांवर. फुलं गडद गुलाबी आणि इतकी चिमुकली, की मला तरी आता भिंग लागतं. पान खालून पांढुरकं. सगळ्यांत भरवशाचं म्हणजे फळ : ५ कंगोऱ्यांचं, टोकाशी फुगीर आणि चिकट. बांधावरून फिरून आल्यावर पायजम्याला चिकटलेलं सापडलं, तर पारडं घेटुळीकडे झुकलं म्हणा. तिची उभी वाढणारी एक बहीणही आहे, पण तिचं फळ माथ्याशी सपाट असतं आणि चिकटत नाही. वैद्यांना दाखवताना शास्त्रीय नाव लागलं तर बोअरहाविया डिफ्युसा, गुलबक्षीच्या कुळातली.

काढ्याचं मात्र थांबा. पायांची सूज मूत्रपिंड, हृदय, यकृत, कशामुळेही येते. आधी डॉक्टरांकडून आईंची लघवी-रक्ताची तपासणी करून घ्या, मगच वैद्यांना विचारा. आणि घेटुळीच निघाली तरी त्या बांधावरची नकोच. बागेवर किती फवारे बसतात हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला काय सांगणार!

शंका उरलीच, तर फुलाफळांसकट डहाळी वर्तमानपत्रात दाबून पाठवा. फोटोच पाठवणार असाल तर देठाच्या बुडाचा, जवळून.