रूपांतर, माध्यमांतर की ‘बेतलेला’?

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणि तिच्यावरचा सिनेमा यांची तुलना करणारा निबंध एका विद्यार्थिनीनं लिहिला. त्यात ‘कादंबरीचं रूपांतर’ असे शब्द होते. तपासणाऱ्यांनी ‘रूपांतर’ खोडलं आणि वर ‘माध्यमांतर’ लिहिलं. तिचा प्रश्न असा, की सगळीकडे ‘रूपांतर’ वाचायला मिळतं, मग माझंच चुकलं कसं?

चुकलेलं नाही. तरी खोडणाऱ्यांच्या मनात काय असावं ते समजतं. ‘रूपांतर’ या शब्दाला मराठीत नाटकवाल्यांनी एक ठरावीक अर्थ दिला आहे. गो. ब. देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं ‘झुंझारराव’ केलं, पुलंनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली आणि लंडनची एलायझा आपली मंजुळा झाली. गाव, माणसं, बोली सगळं इथलं बनतं, नाटक मात्र नाटकच राहतं. कादंबरीचा सिनेमा होतो तेव्हा बहुतेक वेळा उलटा प्रकार असतो. गाव तेच, माणसं तीच, पण सांगण्याची तऱ्हा अगदी वेगळी. हा फरक दाखवायला समीक्षकांनी ‘माध्यमांतर’ वापरात आणला.

दोन्ही शब्दांची घडण एकच आहे. संस्कृतात समासाच्या शेवटी येणाऱ्या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा’ असा होतो. देशांतर म्हणजे दुसरा देश, रूपांतर म्हणजे दुसरं रूप. मराठीनं त्यातून क्रिया काढली, म्हणून भाषांतर म्हणजे दुसऱ्या भाषेत नेणं. (‘पाठांतर’ तर आपण कुठल्या कुठे नेलं. संस्कृतात तो पोथीतला पाठभेद, आपल्याकडे तोंडपाठ करणं.) तेव्हा ‘पुस्तक आणि सिनेमा यांच्यातलं अंतर म्हणजे रूपांतर’ अशी कोटी कुणी केली, तर कितीही गोड वाटली तरी व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही.

माझी अडचण पुढे आहे. रूपांतर म्हणा की माध्यमांतर, दोन्ही शब्द असं धरून चालतात की एक वस्तू होती आणि तिचीच दुसरी वस्तू झाली. ‘सिंहासन’चं काय करायचं? जब्बार पटेलांचा १९७९ चा हा सिनेमा अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहून उभा केला. ‘जोगवा’ही राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्यांवरून आला. ‘जैत रे जैत’मध्ये नाग्या-चिंधीची गोष्ट गो. नी. दांडेकरांची, पण ज्या गाण्यांशिवाय तो सिनेमा आठवतच नाही ती ना. धों. महानोरांनी सिनेमासाठी लिहिली. कादंबरीत ती सापडणार कुठून? यातलं कशाला कशाचं रूपांतर म्हणायचं?

अशा जागी मला मराठीतला एक साधा, घरात वापरला जाणारा शब्द फार आवडतो: बेतणं. ‘कादंबरीवर बेतलेला चित्रपट’ असं आपण सहज लिहितो, पण त्यात शिंपी बसलेला आहे हे विसरतो. शिवणक्लासला गेलेल्या कुणालाही विचारा. ब्लाऊज शिवण्याआधी बेततात. कापड पसरायचं, घडी घालायची, खडूनं मापं टाकायची, शिवणीसाठी माया सोडायची आणि मग कात्री चालवायची. मापं कापडाची नसतात, अंगाची असतात. कात्रणं उरतात, कधी दोन तुकडे जोडावे लागतात, कधी काठ दुसरीकडून आणून लावावा लागतो. आणि माया कमी सोडली तर कपडा कितीही सुबक दिसो, घालताच उसवतो. पटकथाकाराचं काम याहून नेमकं सांगणारा शब्द मला माहीत नाही. श्रेयनामावलीत ‘आधारित’ असतं, तेही बरोबरच आहे, पण त्यात कात्री दिसत नाही.

आता ‘शाळा’कडेच येऊ. २००४ ची ही कादंबरी नववीतला मुकुंद जोशी स्वतः सांगतो. काळ आणीबाणीचा. त्याला आवडणारी शिरोडकर कशी दिसते, वर्गात ती कुठे बसते, ती हसली की त्याचं काय होतं, सगळं त्याच्या तोंडून. पण सांगणारा तोच असल्यानं त्याचा स्वतःचा चेहरा आपल्याला दिसत नाही. शिरोडकरकडे बघताना तो कसा दिसत असेल, हे त्यालाच ठाऊक नाही. सुजय डहाके यांच्या सिनेमात, थिएटरात आला तो २०१२ मध्ये, कुणीतरी जोशीकडे बाहेरून बघतं. त्याच्या डोक्यातली बडबड बरीचशी कात्रणांत गेली. मला ती हवी होती आणि त्या हळहळीतून मी अजून बाहेर आलेलो नाही. पण चोरून बघणाऱ्या पोराचा तो कावराबावरा चेहरा कादंबरीला कधी दाखवताच आला नसता. सिनेमा पाहून पुस्तक पुन्हा काढलं तेव्हा पानापानावर मुकुंदचं काम करणाऱ्या अंशुमन जोशीचा चेहरा मधे येत होता. तो जायला दोन-तीन प्रकरणं लागली.

तुलना लिहिताना म्हणूनच ‘सिनेमानं पुस्तकाला न्याय दिला नाही’ या वाक्यापाशी जरा थांबा. न्याय म्हटलं की आरोपी आला. जुनं ‘पुस्तकाची सर नाही’ मला जास्त प्रामाणिक वाटतं. त्यात निदान आपली आवड उघड होते. मग नेमकं काय कापलं आणि काय जोडलं, ते लिहायला आपण मोकळे.

त्या विद्यार्थिनीला एवढंच सांगेन: तुमच्या निबंधात शीर्षकाला ‘माध्यमांतर’ ठेवा, परीक्षेत तो शब्द चालतो आणि तो नेमकाही आहे. आत मजकुरात ‘बोकिलांच्या कादंबरीवर बेतलेला चित्रपट’ असं लिहा. ‘रूपांतर’ राहिलं तरी मी खोडणार नाही. फक्त ‘चित्रपटीकरण’ टाळा. व्याकरणात बसतं, पण तोंडात बसत नाही.