रेड वाइन कडू का लागली?

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी बऱ्याच वर्षांनी भेटलो. छोटासा, मंद दिव्यांचा वाइन बार होता. मी यादीतली सर्वांत भारदस्त रेड वाइन, कॅबर्ने सोव्हिन्यों, निवडली आणि सोबत चीजचं ताट मागवलं. त्यातलं कामांबेर हे मऊ चीज खाऊन घोट घेतला, तर वाइन कडू लागली, लोखंड चाटल्यासारखी. निवड माझीच चुकली का?

उत्तर : वाइन चांगली असेल आणि कामांबेरही. त्यांचं एकमेकांशी पटलं नाही, एवढंच. चीज म्हटलं की रेड वाइन, हा समज इतका घट्ट बसलाय की त्यापायी कितीतरी छान संध्याकाळी फुकट जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

रेड वाइनमधला तुरटपणा द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून येतो. त्याला टॅनिन म्हणतात. कडक कोऱ्या चहाने जीभ आखडते, तीही अशाच तुरट द्रव्यांमुळे. त्या चहात दूध घातलं की तो मवाळ होतो, कारण दुधातली प्रथिनं हा तुरटपणा धरून ठेवतात. जुनं, घट्ट चीजही हेच काम करतं. किमान बारा महिने मुरलेलं पार्मिजानो रेज्जानो तुमच्या त्याच वाइनसोबत खाऊन बघा, वाइन बदलून आणल्यासारखी वाटेल. कामांबेरची गोष्ट निराळी. त्याच्यावरची पांढरी साल म्हणजे बुरशीचा थर. ती खायचीच असते, पण तिला अळंबीसारखा वास आणि किंचित कडवटपणा असतो. तुरट रेड वाइन नेमका तोच वर काढते.

म्हणून माझं स्पष्ट मत : ताटात तीन-चार तऱ्हांचं चीज असेल आणि बाटली एकच घ्यायची असेल, तर व्हाइट घ्या. तिचा आंबटपणा चीजचा स्निग्धपणा कापतो आणि पुढच्या घासासाठी जीभ मोकळी होते. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात साँसेर ही व्हाइट वाइन होते. शाविन्योल हे बकरीच्या दुधाच्या चीजचं गावही त्याच पट्ट्यात आहे. शेजारी वाढलेल्या या दोघांची जोडी सहसा दगा देत नाही.

हे मलाही फार उशिरा कळलं. पहिल्यांदा रोकफोर चाखलं तेव्हा माझ्या हातातही तुरट रेडच होती. ते खारट, निळ्या शिरांचं चीज तोंडात गेलं आणि दोन्ही चवी बिघडल्या. काउंटरमागच्या बाईंच्या ते लक्षात आलं. काही न बोलता त्यांनी सोतेर्नचा एक छोटा ग्लास माझ्यापुढे ठेवला. सोनेरी, मधासारखी गोड वाइन. खारट घास, गोड घोट, पुन्हा घास. त्या संध्याकाळी मी दुसरं काही मागवलंच नाही. पुढे समजलं की दोन्हींच्या मुळाशी बुरशीच आहे. रोकफोरच्या निळ्या शिरा बुरशीच्या, आणि सोतेर्नची द्राक्षंही वेलीवरच एका बुरशीने सुकतात, त्यामुळे त्यांची साखर दाट होते. इंग्लंडचं स्टिल्टन हे निळं चीज आणि पोर्ट ही गोड वाइन यांचं जमतं तेही खारट-गोडाच्या याच हिशेबाने.

पुढच्या वेळी चौघींनी वेगवेगळे ग्लास मागवा आणि वाटून प्या. मऊ चीज आधी, घट्ट नंतर, निळं सर्वांत शेवटी. आणि ताट आल्याआल्या तुटून पडू नका. थंडगार चीजला चवच नसते, अर्धा तास गप्पा मारा. रेडचं उलट : सोळा ते अठरा अंशांच्या वर गेली की नुसता अल्कोहोलच नाकात शिरतो. ग्लास कोमट लागला तर बाटली थोडी गार करून आणायला नि:संकोच सांगा.

प्रश्न : माझी धाकटी बहीण दारू घेत नाही. तिला अशा ठिकाणी न्यावं का?

उत्तर : जरूर न्या. चीजला आंबट-गोड सोबत हवी असते, ती वाइनचीच असली पाहिजे असं नाही. गाळीव नसलेला सफरचंदाचा रस घट्ट चीजबरोबर फार सुरेख लागतो, आणि निळ्या चीजसोबत पिकलेल्या नासपतीची फोड. फक्त ‘एक घोट तरी घे’ असं तिला एकदाही म्हणू नका.