बोर्डवॉकवर कॅमेरा कुठे लावू?

प्रश्न : जूनमध्ये आई-बाबांना घेऊन ॲटलांटिक सिटीला जातोय. कॅसिनोचे दिवे सोडून फोटो काढण्याजोगं काय आहे?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपण कोकणातली माणसं समुद्रावर सूर्यास्त पाहायला जातो. तिथे मात्र पहाटे उठा! जूनमध्ये सूर्य ईशान्येला, जवळजवळ किनाऱ्याच्या रेषेतच उगवतो. स्टील पिअर म्हणजे समुद्रात शिरलेला करमणुकीचा धक्का. त्याच्या नैर्ऋत्येला वाळूत उभं राहिलात, तर पाळण्याचं मोठं चक्र आणि खांब काळ्या आकृतीत मिळतील. ओहोटी असेल तर ओल्या वाळूत प्रतिबिंबही. खोलीतल्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर नेऊ नका, दमट हवेत काचेवर वाफ धरते. आधी पिशवीतच थोडा वेळ राहू द्या.

मग बोर्डवॉक, म्हणजे किनाऱ्यालगतचा फळ्यांचा रस्ता. 1870 साली पहिल्यांदा बांधला, तो हॉटेलांत आणि आगगाडीत वाळू येऊ नये म्हणून. फळ्या तिरप्या, माशाच्या काट्यासारख्या बसवल्यात. गुडघ्यावर बसून अगदी खालून टिपा. ढकलखुर्ची (माणूस मागून ढकलत फिरवून आणतो ती) दिसली तर आई-बाबांना बसवाच. बाबा नको नको म्हणतील, तोच चेहरा टिपा.

ॲबसेकॉनचं दीपगृह 1857 चं, पायऱ्या 228. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा. त्यापेक्षा शेजारच्या मार्गेटला 1881 ची ‘लूसी’ गाठा : लाकूड-पत्र्याची सहा मजली हत्तीण. तिच्या पायाशी आईला उभं करा, म्हणजे आकार कळेल.

दुपारी फोटो नकोत, जेवून झोपा.