बी पेरलं, पण वर का येईना? रब्बीच्या भाजी-फुलांची प्रश्नोत्तरे

दसऱ्याला मेथी आणि धणे शेजारशेजारच्या वाफ्यांत टाकले. मेथी चौथ्या दिवशी वर आली, कोथिंबिरीचा आठवडा झाला तरी पत्ता नाही. बी बोगस आहे का? (परभणी)

अजून आठवडाभर थांबा. कोथिंबीर उगवायला 8 ते 15 दिवस घेते. धणे अख्खेच टाकले असतील तर आणखी उशीर होतो. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्याआधी धणे लाकडी ठोकळ्यानं हलके रगडून फोडा. जोर जास्त लागला तर आतलं बी चिरडतं. मग 12 तास भिजवा, सावलीत सुकवा आणि संध्याकाळी दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरा. ऑक्टोबरच्या उन्हात वरची माती दुपारपर्यंत कोरडी पडते, तेव्हा वाफ्यावर ओलं गोणपाट अंथरा. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी ते काढा. उशीर झाला की कोंब त्यात गुंततात आणि काढताना तुटतात.

काळ्या रानात गाजर विरळ उगवतं, आणि जे येतं त्याला फाटे फुटतात. (बीड)

विरळ उगवण पापडीमुळे होते. पाटाचं पाणी मोकळं सोडलं की काळी माती चोपते आणि ऊन लागताच टणक पापडी धरते. गाजराचा कोंब दोऱ्याएवढा, त्यात वर यायला 10 ते 15 दिवस. तो पापडीखालीच वाकून मरतो. म्हणून वाफा आधी भिजवा. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटेनाशी झाली, की 1 सेंटिमीटर खोल रेघ ओढून बी टाका. रेघ मातीनं बुजवू नका. चाळलेलं कुजकं शेणखत आणि वाळू निम्मी-निम्मी घेऊन बुजवा. उगवेपर्यंत पाणी झारीनंच द्या. बियात चिमूटभर मुळ्याचं बी जरूर मिसळा: मुळा तीन-चार दिवसांत पापडी फोडून वर येतो, ओळही दिसते.

फाटे फुटतात ते ताज्या शेणखतानं, ढेकळांनी किंवा रोप उपटून दुसरीकडे लावल्यानं. वीतभर माती भुसभुशीत करा. तीन-चार पानांवर विरळणी करून दोन रोपांत 5-6 सेंटिमीटर अंतर ठेवा. विरळणी करताना जीव खालीवर होतो, पण दाटीत गाजर पोसत नाही.

गेल्या वर्षीचं कांद्याचं बी उरलंय. रोप टाकू का? (धाराशिव)

तपासल्याशिवाय नको. घरात ठेवलेल्या कांद्याच्या बियाची उगवणशक्ती वर्षभरात उतरते. सोयाबीनची करता तशीच चाचणी करा: 100 बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि बारा दिवसांनी मोजा. 70 वर कोंब आले तर टाका. 50-60 आले तर बी त्या प्रमाणात वाढवा. त्याखाली असेल तर नवं आणा.

गादीवाफा 1 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच करा. बी फेकू नका, ओळीत टाका. दाटीत ओल कोंडते आणि रोपं बुडाशी नरम पडून कोलमडतात. तसं दिसताच पाणी कमी करा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक 30 ग्रॅम 10 लिटर पाण्यात मिसळून बुडाशी ओता.

पिटुनियाचं बी दोनदा टाकलं, एकही रोप नाही. (लातूर)

बहुधा मातीखाली गाडलं गेलंय. पिटुनियाला उगवायला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरा, वर काहीच घालू नका. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून भिजू द्या. झारीच्या पाण्यानं बी वाहून जातं. कॅलेंडुलाचं नेमकं उलटं: त्याला अंधार हवा, 1 सेंटिमीटर माती घाला. ॲस्टरचं बी मात्र दरवर्षी ताजंच घ्या.